मोठा रोहित की छोटा? आधी चोच बघा

फ्लेमिंगो गुलाबी दिसला की छोटा, पांढरट दिसला की मोठा. सीझनमध्ये नवी मुंबईतल्या नेरूळच्या तलावाकाठी सकाळी जाऊन उभे राहा, कुणी ना कुणी शेजारच्याला हेच समजावत असतं. बऱ्याचदा ते जुळतंही. पण मधेच एखादा पांढुरका, लहानखुरा पक्षी चालत येतो, नाहीतर मावळतीच्या उन्हात अख्खा थवाच गुलाबी होतो, आणि नियम तिथेच कोलमडतो. माझ्याबरोबर पहिल्यांदा येणाऱ्यांना मी म्हणून आधीच बजावते: रंगाचं नाव शेवटी काढायचं. आधी चोच.

माझं नेरूळमध्ये ब्लाउज शिवायचं दुकान आहे. साडीला मॅचिंग अस्तर शोधण्यात ज्या बाईचा दिवस जातो तिला रंगावर किती भरवसा ठेवायचा हे नीट कळतं. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला राणी रंग दाराबाहेर उन्हात नेला की दुसराच निघतो. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी मी कापड बाहेर नेऊनच दाखवते. तलावावर तर ऊन दर दहा मिनिटांनी बदलतं, खाली पाणी चमकतं, वर धूर नाहीतर धुकं असतं. तिथे गुलाबीच्या छटेवरून जात ठरवायची म्हणजे कठीणच.

पुस्तकात या पक्ष्यांना रोहित म्हटलेलं असतं, अग्निपंखही म्हणतात. तलावावर सगळे फ्लेमिंगोच म्हणतात. आपल्या ठाणे खाडीत दोन जाती येतात, मोठा रोहित आणि छोटा रोहित. दोघांत संख्येने छोटा फार जास्त. हे डोक्यात पक्कं ठेवलं की अर्धं काम सोपं होतं: समोर थवा दिसला तर तो छोट्यांचा आहे असंच धरून चालायचं आणि त्यात मोठा कुठे आहे ते शोधायचं. उलट करू नये.

काळं कुठून सुरू होतं?

दुर्बीण चोचीवर लावा आणि एवढा एकच प्रश्न विचारा.

मोठ्याची चोच फिकट गुलाबी असते आणि तिचं फक्त टोक काळं. चोच जिथे खाली वाकते, साधारण तिथून पुढे काळं सुरू होतं, आणि सीमा अगदी स्पष्ट असते. लांबून हा गुलाबी भाग चेहऱ्याच्या फिकट रंगात मिसळून जातो, चोच आहे हेसुद्धा पटकन कळत नाही. दिसतं ते नुसतं खालचं काळं टोक, चेहऱ्यापासून जरा सुटं, अधांतरी.

छोट्याची चोच मुळापासूनच गडद. उन्हात जवळून पाहिली तर ती काळी नसून काळपट लाल आहे हे कळतं, पण पन्नास-साठ मीटरवरून ती सरळ काळीच दिसते. आणि हा गडदपणा चोचीपाशी थांबत नाही. चोच आणि डोळा यांच्यामध्ये जी उघडी कातडी असते तीही गडद असल्यामुळे चेहऱ्याचा पुढचा सगळा भाग डोळ्यापर्यंत काळवंडलेला दिसतो. छोट्याच्या बाबतीत चोच आणि चेहरा वेगळे काढताच येत नाहीत, काळं सलग आहे. मोठ्याच्या बाबतीत काळं टोकाला आहे आणि डोळ्यापासून लांब आहे.

ऊन चांगलं असेल आणि पक्षी काठाला आला असेल तर डोळाही बघून घ्या. पूर्ण वाढलेल्या मोठ्याचा डोळा फिकट पिवळा असतो. छोट्याचा नारिंगी-लालसर, त्याभोवती गडद कातडी. पण हे दिसलं तर दिसलं. डोळ्यासाठी पक्ष्याच्या जवळ जायची धडपड करू नका, त्याआधीच थवा उडालेला असतो.

चोचीचा आकारही वेगळा आहे. मोठ्याची लांब आणि भरदार. छोट्याची आखूड, डोक्याच्या मानाने खोल. ऊन समोरून डोळ्यांवर येत असेल आणि सगळे पक्षी नुसते काळे आकार झाले असतील, तेव्हा या आकाराचा उपयोग होतो, पण त्यासाठी आधी चांगल्या उजेडात दोन्ही चोची पुष्कळदा पाहिलेल्या असाव्या लागतात.

हा फरक नुसता ओळखण्यापुरता नाही, तो पोटाचा आहे. दोन्ही रोहित डोकं उलटं करून खातात. वरची चोच खाली आणि खालची वर. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढलं जातं, चोचीच्या कडांना असलेल्या जाळीतून गाळलं जातं आणि बाहेर फेकलं जातं. छोट्याची ही जाळी अतिशय बारीक आहे. तो त्यातून सूक्ष्म शेवाळ गाळतो: ज्या निळ्या-हिरव्या शेवाळापासून आपल्याकडे स्पिरुलिनाच्या गोळ्या बनतात त्या प्रकारचं, आणि चिखलाच्या वरच्या थरावरचे डायटम. मोठ्याची जाळी रुंद. त्याच्या पोटात कोळंबीच्या कुळातले बारके जीव, लहान शिंपले, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, बिया असं जाडंभरडं जातं. एकाच चिखलात दोघे शेजारी चरतात आणि एकाच्या ताटातलं दुसरा फारसं उचलत नाही, ते यामुळे.

चोच दिसण्याइतकं जवळ कसं जायचं

आपण जायचं नाही. पाणी त्यांना आपल्याकडे आणतं.

ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि रोहित त्या चिखलावर दूरवर पसरून चरतात. लोकल वाशीच्या पुलावर आली की कधीकधी गुलाबी पट्टा दिसतो तो तेव्हाचा. त्यातून काही ओळखायच्या फंदात पडू नका. भरती चढायला लागली की चिखल बुडतो, उभं राहायला जागा उरत नाही, आणि मग थवे उठून आसपासच्या उथळ पाणथळींवर विसाव्याला येतात. नेरूळचा डीपीएस तलाव ही अशीच एक जागा, सुमारे ३० एकरांची. तिथून पुढे टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागची आणि एनआरआय कॉम्प्लेक्सजवळची पाणथळ. या जागा जिवंत राहायच्या तर त्यांत खाडीचं पाणी यायला-जायला हवं. २०२४ मध्ये पाण्याची वाट बुजून डीपीएस तलाव कोरडा पडला तेव्हा इथे रोहित उभे राहायला पाणीच नव्हतं.

तेव्हा प्रश्न भरतीच्या वेळेचा. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, ते बघाच. पण मला त्याहून सोयीचा वाटतो तो कोळ्यांचा हिशेब, जो आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या दिवाळे गावच्या मावशींनी मला दारात उभ्या उभ्या शिकवला. "तिथी कंची हाय ती बघायची नि तिची पाऊणपट करायची, झाली तुझी भरती." म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमाराला पूर्ण होणार. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, सव्वाअकरा. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हिशेब तोच, आणि त्या दिवसाची दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. हा आकडा मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. खाडीत ठाण्याच्या दिशेने जितकं आत जाल तितकी भरती थोडी उशिरा येते.

आता भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघा, तलावावर कधी जायचं ते त्यातच आहे. सकाळची वेळ हवी, कारण नवी मुंबईच्या बाजूने खाडी पश्चिमेला पडते आणि सकाळचं ऊन आपल्या पाठीवर, पक्ष्याच्या तोंडावर येतं. सकाळी सहा-साडेसातची भरती अष्टमी ते दशमीला येते खरी, पण त्या दिवसांत पाणी भांगाचं असतं. जोर कमी, बराच चिखल उघडाच राहतो आणि रोहित खाडी सोडून यायची घाई करत नाहीत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, चिखल पुरता बुडतो, पण भरती दुपारच्या तोंडावर पूर्ण होते. तोवर ऊन तापून पाण्यावरची हवा लवलवायला लागते आणि दुर्बिणीतून चोच हलताना दिसते. या दोहोंच्या मधले द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी हे माझे आवडते दिवस. नऊ ते साडेदहाच्या दरम्यान भरती, पाण्याला जोर, आणि ऊन अजून सोसण्यासारखं. पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी काठावर असावं, म्हणजे थवे उतरताना मिळतात.

मुलुंड, भांडुप किंवा ठाण्याच्या बाजूला राहत असाल तर उन्हाचं गणित उलटं: तुमच्यासाठी खाडी पूर्वेला, म्हणून दुपारनंतरचा उजेड चांगला.

ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून अभयारण्यात बोट जाते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, क्षेत्र साधारण १,६९० हेक्टर, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. बोटीच्या वेळाही भरती-ओहोटीवरच ठरतात, तेव्हा आधी विचारून जा. एकदा तरी बोटीने जायला हवं, कारण चिखलावर चरणारे रोहित काठावरून इतके नीट दिसत नाहीत. मात्र दोन जातींतला फरक शिकायला मला स्वतःला तलावाचा काठच बरा वाटतो. बोट हलते, सगळे एकदम "अय्या" करतात, आणि तुमची दुर्बीण चोचीवर स्थिरावते तोवर बोट पुढे गेलेली असते.

दुर्बीण साधी ८×४२ ची पुरते. फोन खिशात ठेवा. फोनचा झूम चोच धुरकट करतो आणि गुलाबीला आणखी गुलाबी करतो. मग घरी येऊन त्या फोटोवरून वाद घालायचे.

उंची: शेजारी कोण उभं आहे?

माझी भाची सुट्टीत आली की बरोबर येते. एकदा एकट्या उभ्या असलेल्या पक्ष्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, तो मोठा गं."

"कशावरून?"

"उंच आहे ना."

"कुणापेक्षा?"

तिने आजूबाजूला पाहिलं. शेजारी होता तो एक शेकाट्या, लांब पायांचा पण छोटासा पाणपक्षी. त्याच्यापेक्षा कुठलाही रोहित उंचच दिसणार.

आकड्यांत फरक दणदणीत आहे. मोठा रोहित ११० ते १५० सेंटिमीटर, छोटा ८० ते ९०. वजनात मोठा दोन ते चार किलो, छोटा दीड-दोनच्या घरात. पण हे आकडे पाण्यावर दिसत नाहीत. पक्षी एकटा असेल, मान आखडून उभा असेल, पोटापर्यंत पाण्यात असेल, तर उंची म्हणजे निव्वळ अंदाज. दोन्ही जाती शेजारी आल्या तरच उंची बोलते, आणि मग ती इतकी स्पष्ट बोलते की दुर्बीणही लागत नाही: छोट्यांच्या थव्यातून मोठ्यांची डोकी आणि माना वर आलेल्या दिसतात.

यात एक बारीक युक्ती आहे. थव्यातले पाय बघा. एकाच खोलीच्या पाण्यात छोट्याच्या पोटाला पाणी टेकत असेल, तर शेजारच्या मोठ्याचा पाय सांध्याच्या वर कोरडा असतो. (ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरं तर त्याचा घोटा, पण ते असो.) तळ सपाट असावा लागतो, नाहीतर एक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर असं होऊन फसगत होते. थवा उथळातून खोलाकडे सरकायला लागला की मोठे पुढे जात राहतात आणि छोटे थांबतात किंवा पोहायला लागतात, तेही बघण्यासारखं असतं.

अंगकाठी हा उंचीहून भरवशाचा भाग आहे. मोठ्याचं शरीर त्याच्या मानेच्या आणि पायांच्या मानाने लहान वाटतं. मान बारीक आणि लांबच लांब. छोटा आटोपशीर, मान त्या मानाने जाड आणि आखूड. पायांचा रंग मोठ्याचा गुलाबी, छोट्याचा जास्त लाल, असं म्हणतात आणि ते खरंही आहे, पण आपल्या खाडीतून उठून आलेल्या पक्ष्याच्या पायाला इतका गाळ असतो की मी तो मुद्दा मोजतच नाही.

खाताना बघा, पण कुठे खातोय तेही बघा

पाणी असलेल्या तलावात दोघांची खाण्याची तऱ्हा वेगळी दिसते. मोठा डोकं पाण्यात पार बुडवतो, तळाशी चोच नेतो, मधेच पायांनी चिखल तुडवत स्वतःभोवती फिरतो म्हणजे खालचे जीव वर येतात. एकेक पक्षी सुटा सुटा, सावकाश चालत. छोटा पाण्याच्या वरच्या थरातच चोच डावी-उजवी फिरवत जातो, डोकं फारसं बुडत नाही, आणि दाट घोळक्याने चरतो. सगळी डोकी एका लयीत हलत असतात.

हे तलावासाठी. ओहोटीच्या ओल्या चिखलावर मोठाही चोच वरवर फिरवताना दिसेल, कारण तिथे डोकं बुडवायला पाणीच नाही. तेव्हा चिखलावर नुसत्या खाण्यावरून नाव देऊ नका, चोचीकडे परत या.

आता रंग

चोच पाहून झाली, अंगकाठी पाहून झाली, मग रंग तुमच्या बाजूने साक्ष द्यायला येऊ दे. मोठ्याचं अंग पांढरं, त्यावर गुलाबीची हलकी झाक, आणि मिटलेल्या पंखाच्या कडेला कुठेतरी भडक लालसर-गुलाबी डोकावतो. छोट्याचं सगळं अंगच गडद गुलाबी, मिटलेल्या पंखावर किरमिजी डाग उमटलेले.

हे झालं आदर्श. प्रत्यक्षात रंग खाण्यातून येतो, शेवाळातल्या आणि त्या शेवाळावर जगणाऱ्या बारक्या जीवांतल्या रंगद्रव्यातून, आणि नवी पिसं आली की नव्याने चढतो. म्हणून एकाच जातीत दोन पक्षी सारखे नसतात. मोठ्याची तर आणखी एक गंमत आहे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल तो गालाने घेऊन मानेला, छातीला, पाठीला चोळतो. त्या तेलातही रंगद्रव्य असतं, आणि विणीच्या आधी हे चोळणं वाढतं. चक्क मेकअप. त्यामुळे एखादा मोठा तुम्हाला चांगला गुलाबी मानेचा दिसला तर गोंधळू नका. चोचीला तो मेकअप लागत नाही.

करड्या पोरांचं काय?

खरी परीक्षा इथे आहे. पिल्लं राखाडी-तपकिरी असतात, दोन्ही जातींची. पूर्ण रंग यायला तीन-चार वर्षं जातात, आणि मधल्या काळात ती मळकट पांढरी, कुठे गुलाबी, कुठे करडी अशी अर्धवट दिसतात. तलावावर "पांढरा म्हणजे मोठा" हा नियम सगळ्यात जास्त या पोरांमुळे मोडतो: छोट्याचं वर्ष-दोन वर्षांचं पोर चांगलंच पांढुरकं असतं.

यांच्या चोचीलाही अजून वाढलेल्या पक्ष्यांचे रंग आलेले नसतात. पण "काळं कुठून सुरू होतं" हा प्रश्न इथेही चालतो. मोठ्या रोहिताच्या पोराची चोच फिकट करडी आणि टोक काळं, म्हणजे दोन रंग आहेत. छोट्याच्या पोराची चोच सगळीच गडद करडी, चेहराही गडद. पोराच्या डोळ्याचा रंग धरू नका, लहानपणी दोघांचेही डोळे गडदच असतात. तरीही कळेना तर ते पोर कुणाबरोबर उभं आहे ते बघा. अर्थात ही साक्ष कच्ची, कारण थवे मिसळतात.

उडताना

पटकन सांगते, कारण वेळही तेवढाच मिळतो. दोघांच्याही पंखांची मागची कड काळी, त्यावरून काही ठरत नाही. मोठ्याच्या पंखाचा पुढचा भाग सलग लालसर-गुलाबी आणि अंग फिकट, त्यामुळे विरोध ठसठशीत दिसतो. छोट्याच्या पंखात मधोमध गडद किरमिजी पट्टा, त्याच्या कडेने फिकट गुलाबी, आणि अंगही गुलाबीच. मोठा उडताना पुढे मान आणि मागे पाय इतके लांब काढतो की पंख मधे कुठेतरी लावल्यासारखे वाटतात. छोटा आखूड आणि पंखांची फडफड जलद. आवाजात मोठा हंसाच्या कुळातल्या पक्ष्यांसारखा जाड भसाडा ओरडतो, छोट्याचा सूर बारीक.

एक झोपलेल्यांबद्दल. भरतीच्या वेळी निम्मा थवा एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेला असतो. तेव्हा चोच नाही, डोळा नाही, मानही गुंडाळलेली. लोक अशा पक्ष्यांनाही धडाधड नावं देतात. दहा मिनिटं थांबा, कूस बदलायला तो डोकं काढतोच. टाळ्या वाजवून, खडा मारून उठवणारे महाभाग मी पाहिले आहेत; भरतीला हा पक्षी विसाव्याला आलेला असतो, त्याला उडवलं तर परत उतरायला जागा असेलच असं नाही.

दुसरा, ज्यावरून नवखे हमखास फसतात तो चित्रबलाक. उंच, पांढरा, आणि मागच्या बाजूला सुंदर गुलाबी पिसं, त्यामुळे लांबून "तो बघा मोठा फ्लेमिंगो" होतं. त्याची चोच लांब, पिवळी आणि जवळपास सरळ. पंखांवर काळे-पांढरे पट्टे. इथेही चोचीने काम एका क्षणात होतं.

नोंद करत असाल, वहीत किंवा ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, तर आकडे टाकताना ओळखलेले मोठे आणि ओळखलेले छोटे वेगळे लिहा आणि उरलेल्यांपुढे नुसतं फ्लेमिंगो लिहा. सगळा थवा डोळे मिटून छोट्यात टाकायचा मोह होतो, कारण बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण छोटा रोहित जगाच्या यादीत संकटाच्या जवळ आलेला पक्षी म्हणून नोंदलेला आहे, मोठ्याला तसा धोका नाही. आपल्या खाडीत कुठला किती येतो हे कळायचं तर अंदाजाने भरलेला आकडा कामाचा नाही. मोठा थवा असेल तर मी आधी शंभर पक्षी चोचीवरून नीट मोजते, त्यात मोठे किती निघाले ते लिहिते, आणि मग थव्याचा दुसऱ्या टोकाचा भाग घेऊन तेच परत करते. मोठे बहुतेकदा एका बाजूला गोळा झालेले असतात, म्हणून एकाच कोपऱ्यावरून सगळ्या थव्याचा हिशेब मांडू नये.

सीझन साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत. सुरुवातीला थवे लहान असतात, फेब्रुवारीनंतर भरतात. शिकायला एप्रिल उत्तम, गर्दी भरपूर आणि दोन्ही जाती एकत्र मिळण्याची शक्यता जास्त. पाऊस जवळ आला की मोठी माणसं, म्हणजे वाढलेले पक्षी, गुजरातेत कच्छच्या रणाकडे विणीला जातात. मागे राहतात ती बहुतेक करडी-पांढरी पोरं, आणि जूनमध्ये छत्री घेऊन तलावावर गेलात तर चोचीशिवाय तुमच्या हाताशी दुसरं काहीच नसतं.